तुम्ही विचारलंत म्हणून: तेलंगच का?

"सर, रानडे सोडून तुम्ही सारखे तेलंगांचं नाव का घेता? त्यांनी तर मुलीचं लग्न लहानपणीच उरकलं होतं ना?" बार रूममध्ये चहा आला की कुणीतरी ज्युनिअर हे विचारतोच.

उरकलं होतं. संमतिवयाच्या कायद्याची (मुलींचं संमतीचं वय वाढवणाऱ्या कायद्याची) बाजू घेणाऱ्यानं असं वागावं, यावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्तच होती. (रानड्यांनीही वडिलांच्या शब्दाखातर ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, हे मात्र कुणी विचारत नाही.) पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८६च्या भाषणात, आधी सामाजिक सुधारणा की राजकीय या प्रश्नावर, म्हणाले होते की जिथे विरोध कमी तिथून पुढे सरका, म्हणजे आधी राजकारण. आदल्याच वर्षी काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव त्यांनी मांडला होता. घरात विरोध जास्त निघाला असावा.

माझा त्यांच्याशी संबंध येतो तो वाटपाच्या दाव्यांत. आजोबांची जमीन, वडील आणि चुलते अजून एकत्र, पोराला आपला हिस्सा हवा आणि बाप म्हणतो, मी आहे तोवर नाही. असा अशील आला की मी इंडियन लॉ रिपोर्ट्सचा (छापील निकालांच्या मालिकेचा) मुंबईचा १६वा खंड काढतो, पान २९: आपाजी कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र कुलकर्णी. अशा कुटुंबात बापाच्या संमतीशिवाय मुलाला वाटप मागता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ठरवलं. त्याच पीठातल्या तेलंगांचं मत वेगळं. मुलाचा हक्क जन्मानंच येतो, तर बापाची परवानगी कशाला? 'मुद्राराक्षस' संपादित करणारा, गीता इंग्रजीत नेणारा हा माणूस. मिताक्षरा, म्हणजे हिंदू कायद्याचा आधार असलेली संस्कृत टीका, त्याला मुळातून वाचता येत होती. त्याचं भिन्नमत वाचताना ते जाणवतं.

मद्रास आणि अलाहाबादच्या उच्च न्यायालयांनी मुलाचा हक्क मानला. आपल्याकडे बहुमताचाच निकाल चालतो, म्हणून हिंदू कायद्याच्या पुस्तकांत 'मुंबईत मात्र' असा अपवाद छापलेला असतो.

१८८९मध्ये ते उच्च न्यायालयात बसले आणि १ सप्टेंबर १८९३ला वारले. वय ४३. त्यांच्या जागी आले रानडेच.

मुलाच्या बाजूनं उभा राहिलो की ते भिन्नमत मी झेरॉक्स काढून देतोच. मागच्या खेपेला न्यायाधीशसाहेबांनी सगळी पानं वाचली, "छान लिहिलंय हो" म्हणाले आणि दावा फेटाळला.