संवादांची अदलाबदल

थरारकादंबरी पहिल्यांदा वाचताना मी पेन जवळ ठेवत नाही. जिथे नजर ओळी गाळून पुढे पळाली, त्या पानाचा कोपरा दुमडायचा, एवढंच. या हस्तलिखिताचा गठ्ठा तिसऱ्या प्रकरणापर्यंतच एका कोपऱ्याला फुगला.

आमच्या पूर्ववाचकांचा शेरा होता, ‘भाषा समृद्ध.’ हे गृहस्थ पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचून शेरा देतात, असा मला जुना संशय आहे. समृद्ध म्हणजे कशी? निरीक्षक जिवाच्या आकांताने जिना चढतोय, मागून गोळी सुटलीय आणि वरच्या झुंबराला नऊ ओळी. लोलक, त्यातून फुटणारा उजेड, त्या उजेडाला ‘जखमी संध्याकाळी’ची उपमा. पळणाऱ्याला झुंबर दिसतं ते डोक्यावर पडलं तर. इथे लेखकच झुंबर बघत उभा राहिलाय आणि तोवर गोळी हवेत थांबलीय.

पण वर्णन छाटता तरी येतं. माणसंच नसतील तर काय करायचं? निरीक्षकाला ‘भेदक डोळे’, पत्रकार बाईंना ‘करारी हनुवटी’. पुढे तीनशे पानं दोघं एकाच आवाजात बोलतात. फाईलची प्रत काढून एका प्रकरणात मी त्याचे संवाद तिला दिले, तिचे त्याला. ‘जातो’चं ‘जाते’ आणि ‘जाते’चं ‘जातो’ केलं, बाकी शब्दाला धक्का नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना वाचायला दिलं. त्यांना काहीच खटकलं नाही. दहा पानं!

लगेच लेखकाला फोन लावला. जरा जास्तच खुशीत होतो, हे कबूल. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “पान ४७ वरचा परिच्छेद तुम्ही उडवलाय. निरीक्षक तिथे आहे.”

काढून पाहिलं. मयताच्या दिवाणखान्याचं वर्णन, अकरा ओळी, त्यावर माझी तिरकी रेघ. आठव्या ओळीत, पडद्यांचा रंग आणि वाळलेली फुलं यांच्या मधे, निरीक्षक भिंतीवरच्या बंद घड्याळाला किल्ली देतो. थांबलेली वेळ हा पुरावा. घटनास्थळी कशाला हात लावू नका, असं नव्या पोरांना दरडावणारा हा माणूस. दोन वेढे दिल्यावर भानावर येतो आणि हात खिशात घालतो.

“झुंबर काढा हो,” लेखक म्हणाले, “पण हे तुम्ही वाचलंच नव्हतंत ना?”

‘वाचलं होतं’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पान ४७चा कोपरा दुमडलेला होता.