कळकाखालची माती

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी, घरामागच्या ओघळीला कळकाचं, म्हणजे काटेरी बांबूचं, जुनं बेट आहे. कुणी लावलं ते कुणालाच आठवत नाही. बेटाला लागून चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, भाताचं खाचर. त्या कडेचं भात दरवर्षी खुजं निघतं, आणि दरवर्षी कापणीला तात्या म्हणतात, "ह्यो कळक जमीन खातोय."

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी खाचर आणि बेटाच्या मधोमध चर मारायला घेतला. खाचरात घुसलेल्या मुळ्या तोडायच्या होत्या. मीही कुदळ उचलली आणि पहिल्या पाच मिनिटांत मनगटावर काट्याचा ओरखडा कमावला.

चाळीस फुटी गडी, म्हणजे मुळं पाताळात गेली असणार, अशी माझी समजूत. पण मुळ्यांचा बहुतेक पसारा वरच्या हात-दीड हातातच होता. सोटमूळ नाहीच, नुसत्या तंतूंचा गुंता. कळक हे गवत आहे, हे शाळेत वाचलं होतं. पटलं ते चरात उतरल्यावर. वर सुका पाला, खाली कुजलेला, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि मग एकदम तांबडी. बारीक मुळ्या तर थेट कुजक्या पाल्यातच शिरलेल्या.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. भुईमुगाच्या मुळांवर निदान गाठी असतात, त्यांतले जिवाणू तो बांधून देतात. कळकाला ती सोय नाही. मग तो मुळांतून साखरेसारखा रस मातीत सोडतो. त्यावर जिवाणू आणि बुरशी माजतात, माजल्यावर त्यांना नायट्रोजनची भूक लागते, आणि ते पाल्यात अडकलेला नायट्रोजन फोडून काढतात. पुढं ते मरतात, कुणी त्यांना खातं, आणि सुटलेला माल मुळांच्या हाती लागतो. बैलाला पेंड घालून नांगरट करून घ्यावी, तसा हा व्यवहार.

हा सुटा नायट्रोजन आधी अमोनियमच्या रूपात असतो. ते मातीच्या कणांना धरून बसतं. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला पाण्याबरोबर पळायची खोड. आमच्याकडच्या पावसात ते थेट कोयनेला लागायचं. वाटेत हा मुळ्यांचा गुंता असल्यामुळं बरंचसं तिथंच उचललं जातं. चीनमधल्या मोसो बांबूच्या जंगलांतही, बांबू शिरला की मातीत अमोनियम वाढतं आणि नायट्रेट घटतं, असं संशोधकांना दिसलं आहे. अर्थात मोसो जमिनीखालून धावत सुटणारा. आमचा कळक जागच्या जागी बेट करून बसणारा. तिथला हिशेब इथं जसाच्या तसा लावू नये.

बांबूची चिकाटी मात्र सगळीकडे सारखीच. पान गळायच्या आधी त्यातला बराचसा नायट्रोजन तो माघारी ओढून घेतो. खोली सोडताना बल्बसुद्धा काढून नेणारे भाडेकरू असतात ना, तसं.

तात्या खाचरात युरिया टाकतात. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन असतो साधारण २१ किलो. त्यातला काही हवेत उडतो, काही ओढ्याला लागतो. म्हणून तर २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्यानं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतो. हे सगळं मी चरात उभा राहून तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खाचराच्या बाजूची एक मुळी उपटून माझ्यासमोर धरली. "मंग ही माझाच युरिया खात हुती न्हवं?"

ते बरोबरच होतं. मी पुन्हा खणायला लागलो.

संध्याकाळी काकू पाटी घेऊन आल्या. मिरचीच्या रोपांना माती हवी होती, आणि ती कळकाखालचीच हवी होती. तात्यांनी स्वतः चार पाट्या भरून दिल्या. वरची काळी तेवढीच खरडून, तांबडीचा एक खडा येऊ न देता.