तुम्ही विचारलंत म्हणून: एकरी किती?

"सर, औषधी वनस्पतीत एकरी किती सुटतात?" चोपड्याहून फोन येतो, शहाद्याहून येतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलाही हेच विचारतो. मी उलट विचारतो, "माल घेणार कोण?" मग लोक म्हणतात, याला सांगायचंच नाही.

सांगतो.

2000 साली केंद्राचं औषधी वनस्पती मंडळ झालं आणि पुढची काही वर्षं सफेद मुसळीनं, म्हणजे ताकदीच्या औषधांत जाणाऱ्या मुळीनं, नुसता धुमाकूळ घातला. मी तेव्हा मुसळीच्याच प्रयोगांवर होतो. मेळाव्यात फळ्यावर हिशेब मांडायचो: 3 बाय 3 मीटरच्या वाफ्यातली मुसळी, गुणिले एकर, गुणिले भाव. आकडा लाखांत गेला की मागची रांग सरसावून बसायची. आकडा खोटा नव्हता, आजही म्हणतो. फक्त त्या वाफ्यात आमची माणसं रोज निंदणी करत होती. आणि भाव होता तो बेण्याचा. जो तो लावायलाच घेत होता. खाणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलं होतं?

यावलकडच्या माझ्या आतेभावानं अर्धा एकर केळी काढून मुसळी लावली. 300 रुपये किलोनं 2 क्विंटल बेणं. माल परत घेण्याचा बेणं देणाऱ्या कंपनीचा स्टॅम्पपेपर होता, आणि घरात मी होतो.

जानेवारीत खणली. ओसरीवर वहिनी आणि तीन बाया काचेच्या तुकड्यांनी साल खरवडत बसल्या. सोललेली मुसळी बुळबुळीत, हातात ठरत नाही. संध्याकाळपर्यंत बोटं पांढरी आणि कापलेली. 7 क्विंटल ओली होती, वाळून दीडसुद्धा भरली नाही. ओलीचा पाचवा हिस्सा उरतो हे मी सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे, फळ्यावर एका कोपऱ्यात लिहिलं होतं.

जळगावला गेलो तर कंपनीच्या ऑफिसचं शटर बंद. बाजारात एका व्यापाऱ्यानं कांडी मोडली, हुंगली, "पिवळी पडलीय" म्हणाला आणि जो भाव सांगितला त्यात बेण्याचे पैसेही निघत नव्हते. परतताना मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये नमुन्याची पिशवी. भाऊ म्हणाला, "आते काय करवानं भाऊ?"

मी म्हणालो, "थांब, भाव येईल."

कशाच्या जोरावर? मुसळीची मुळी किती महिन्यांनी पक्की होते ते मला ठाऊक होतं, बाजाराचं काही नाही. पण तो सरांचं ऐकून थांबला. माळ्यावरच्या पोत्यांना पावसाळ्यात आधी दमट वास आला, मग कीड.

यावर लोक म्हणतात, मग आता रोशा या सुगंधी गवतावर काम कशाला करता? अहो, रोशा इथलाच आहे. खानदेशातलं त्याचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं, गुलाबाच्या अत्तरात भेसळीला! फुलोऱ्यात कापायचं, वाफेवर तेल काढायचं. 100 किलो गवताला अर्धा किलोच्या आसपास. तेल टिकतं, भावासाठी थांबता येतं. (हो, "थांब" हा शब्द मीच पुन्हा वापरतोय, कळतं मला.) पण गवत एकट्यानं लावून भागत नाही, भट्टी जवळ लागते, आणि भट्टीला पुरेल इतकं गवतही.

मागच्या महिन्यात भाऊच म्हणाला, "तुझा तो रोशा बांधाकडच्या एकरात लावू का? किती सुटतील?" वहिनी चहा गाळत होती, तिचा हात थांबला.

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.