आजीचा पदर उजव्या खांद्यावर कसा?

आजोबांच्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्यात. दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आत शंभरएक निगेटिव्ह, काही कागदी पाकिटात, काही नुसत्याच गुंडाळून रबर लावलेल्या. सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट, 120 रोलच्या, म्हणजे एका रोलला 12 चौकोनी फोटो. आजोबांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, तो कॅमेरा आपल्या बडोद्यातच बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांतून असे डबे निघतील असं मला वाटतं आणि म्हणूनच हे सगळं लिहून ठेवतोय.

पहिली अडचण वळण्याची. इतकी वर्षं गुंडाळलेली फिल्म सरळ होतच नाही, स्कॅनरच्या होल्डरमधे लावली की मधोमध फुगते नाहीतर खाली झोळ येतो, मग कडा शार्प आणि चेहरे धुरकट. थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवली तर पाण्यात तेल पडल्यासारखी वलयं उमटतात, त्यांना न्यूटन रिंग म्हणतात, फिल्मची चकचकीत बाजू आणि गुळगुळीत काच यांच्यामधे हवेचा अगदी पातळ थर राहतो त्याने होतं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी जराशी मंद, ती मंद बाजू म्हणजे इमल्शन, खरं चित्र तिथे असतं. मी इमल्शन खाली काचेकडे केलं आणि वरून फ्रेमवाल्याकडून कापून आणलेली नॉन-ग्लेअर काच ठेवली, तिची खरखरीत बाजू फिल्मकडे. वलयं गेली, फिल्म पापडासारखी सपाट. (काचेच्या कडा घासून घ्या बरं का, बोट कापतं.)

इमल्शन खाली गेलं की चित्र आरशासारखं उलटं येतं, ते नंतर कॉम्प्युटरवर फ्लिप करायचं असतं. हे मी पहिल्या दिवशी केलं नव्हतं. कमाटी बागेतला आजीचा फोटो आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, पदर उजव्या खांद्यावर, मला वाटलं इथे राहून आजीही गुजराती पद्धतीने नेसायला लागली असेल. पाच मिनिटांत आत्याचा फोन. "अरे, आईने जन्मात कधी असा पदर घेतला नाही, आणि बाबांचं घड्याळ बघ ना, उजव्या हातात कधी घातलं त्यांनी? फोटो उलटा आलाय तुझा." फ्लिप केला तर पदर डावीकडे, घड्याळ डाव्या मनगटावर. आता मी प्रत्येक निगेटिव्हच्या कडेची अक्षरं आधी वाचतो, चकचकीत बाजूने बघितलं की ती सुलट दिसतात.

रिझोल्यूशन 2400 डीपीआय, म्हणजे दर इंचाला 2400 पिक्सेल, पुरतं. निगेटिव्ह साधारण 56 मिलिमीटरची असते, म्हणजे एका बाजूला पाच हजारांवर पिक्सेल येतात, आणि क्लिक थ्रीची साधी लेन्स त्याहून जास्त काही देत नाही. धूळ मात्र हातानेच काढावी लागते, हवेचा पंप आणि मऊ ब्रश. स्कॅनरमधली इन्फ्रारेडवाली डस्ट रिमूव्हल ब्लॅक अँड व्हाइटला चालत नाही, कारण चित्र चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, मग चित्रालाच धूळ समजून पुसायला जाते.

स्कॅनपेक्षा मला जास्त काळजी ठेवण्याची आहे. स्कॅनची फाइल बिघडली तर परत करता येते, निगेटिव्ह गेली की गेली. रबर सगळे काढून टाकले, रबरात गंधक असतं आणि ते चांदी खातं. वडिलांनी मधे काही निगेटिव्ह पीव्हीसीच्या अल्बममधे घातल्या होत्या, त्या प्लॅस्टिकला चिकटायला लागल्या होत्या, बाहेर काढताना जीव मुठीत होता. आता पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्ह आणल्यात, त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या, खोकं लोखंडी कपाटात मधल्या कप्प्यात. सगळ्यात खाली काहीच नाही ठेवलं, 2024 च्या ऑगस्टमधे पुरात विश्वामित्री नदी कुठे कुठे शिरली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यात नाहीत, सिलिका जेल आहे, आणि पावसाळ्यात मी खोकं उघडतच नाही, इथल्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

चार निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येतोय. अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म सडायला लागली की असा वास सुटतो, आणि त्याची वाफ बाजूच्या चांगल्या फिल्मलाही लागते. त्या चारी वेगळ्या कागदी पाकिटात, हवा खेळेल अशा ठेवल्यात, घट्ट डब्यात कोंडल्या तर आणखी लवकर जातात. या रविवारी आधी त्याच स्कॅन करणार.

कमाटी बागेतली तिच्या स्लीव्हमधे गेली. आत्याला विचारून पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहिलं आणि मगच आत सरकवली: आई, बाबा, कमाटी बाग, शेजारची फ्रॉकवाली मी.