झिरो फेस्टिव्हल: दुपारच्या मंचावरचे बँड ऐकायला जाताना

अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात सप्टेंबरच्या अखेरीस, बहुतेक वर्षी गुरुवार ते रविवार, चार दिवस हा संगीत महोत्सव भरतो. बॉबी हानो आणि ‘मेनहूपॉज’ या दिल्लीच्या बँडचे गिटारवादक अनुप कुट्टी यांनी तो २०१२ साली सुरू केला. २०२० आणि २०२१ ही कोविडची वर्षं सुनी गेली, २०२२ पासून पुन्हा गर्दी आहे. मुख्य मंच दोन. दिवसा वाजतं त्याला दान्यी म्हणजे सूर्याचं नाव आहे, अंधार पडल्यावर वाजतं त्याला पिलो म्हणजे चंद्राचं. पोस्टरवर ठळक अक्षरात छापलेली नावं बहुधा रात्रीची असतात. इटानगर, शिलाँग, कोहिमा, ऐझॉल, इम्फाळकडचे नवे आणि लहान बँड मोठ्या प्रमाणात दुपारी वाजवतात.

आणि नेमकं त्याच वेळी मुंबई-पुण्याहून आलेली निम्मी मंडळी खोरं बघायला गेलेली असतात, नाहीतर तंबूत घोरत असतात. रात्रीचे मोठे कलाकार आज ना उद्या आपल्याकडे येतातच. दुपारचा बँड मात्र तुमच्या शहरात कधी येईल याची काही खात्री नाही. त्यामुळे सगळी आखणी दुपारच्या मंचाभोवती करावी आणि रात्रीचं जे मिळेल ते वरकड समजावं.

आधी कागदपत्रं. भारतीयांनाही अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे. अर्ज ऑनलाइन होतो, फोटो आणि ओळखपत्र अपलोड करावं लागतं. अर्जातलं ओळखपत्र आणि प्रवासात जवळ असणारं ओळखपत्र एकच ठेवा. अर्ज आधारवर आणि खिशात नुसतं लायसन्स, अशा वेळी नाक्यावर सगळी सुमो तुमच्यासाठी खोळंबते. मुदत परतीच्या तारखेच्या पुढे दोन-तीन दिवस जाईल अशी मागा, कारण दरड कोसळली तर मुक्काम वाढतो. छापील प्रती तीन-चार ठेवा. नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि कधीकधी एक प्रत ते ठेवून घेतात. महोत्सवाचं तिकीट म्हणजे परमिट नव्हे. तिकिटात तंबूची जागाही धरलेली नसते, तीही वेगळी घ्यावी लागते.

मुंबई-पुण्याहून गुवाहाटीपर्यंत विमान, तिथून रात्रीची दोन्यी पोलो एक्स्प्रेस, आणि सकाळी इटानगरजवळचं नाहरलगुन स्टेशन. सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग हाच. महोत्सवाच्या आठवड्यातली आरक्षणं तारखा खुल्या होताच भरतात. ती हुकली तर गुवाहाटीहून इटानगरची रात्रीची बस मिळते, पण पुढे पुन्हा घाट चढायचा असल्याने झोपेचं खोबरं होतं. इटानगरजवळ होलोंगीला नोव्हेंबर २०२२ पासून विमानतळ आहे. तिकीट परवडत असेल तर एक रात्र वाचते. तिसरा पर्याय आसामातल्या उत्तर लखीमपूरवरून किमिनच्या नाक्याने वर जायचा. विमान लीलाबारीला उतरणार असेल तर हाच सोयीचा.

नाहरलगुनहून झिरो शंभर-सव्वाशे किलोमीटर. चार-पाच तास धरा, पाऊस असेल तर सहा. पोटिन, याझालीवरून जाणाऱ्या या रस्त्यावर सुमो चालतात, आपल्याकडच्या वडापसारख्या: माणसं भरल्याशिवाय गाडी हलत नाही. फरक इतकाच की इथे काउंटरवर सीट नंबर मिळतो. ड्रायव्हरशेजारी दोघं, मधे चार, मागे चार. मागच्या चारांत आडवं बसावं लागतं आणि वळणावळणाचा रस्ता तिथे सर्वांत जास्त जाणवतो. गाडी लागणाऱ्याने मधल्या रांगेतली खिडकी मागावी आणि उलटीची गोळी गाडी सुटायच्या अर्धा तास आधी घ्यावी. पहिल्या वळणावर घेऊन उपयोग नाही. सामान टपावर जातं. ताडपत्री असते, पण कडेने पाणी झिरपतं. म्हणून सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून कपडे त्यात भरा. सॅकवरचं रेनकव्हर या रस्त्याला पुरत नाही. बहुतेक गाड्या पहाटे आणि सकाळी सुटतात. दुपारनंतर नाहरलगुनला पोचलात तर मुक्काम तिथेच करावा लागेल असं समजून चाला. गुरुवारी दुपारचा पहिला बँड ऐकायचा असेल तर बुधवारी संध्याकाळी झिरोत असायला हवं.

मुक्काम तीन ठिकाणी होऊ शकतो: तंबू, इथल्या अपातानी जमातीच्या गावातला होमस्टे, किंवा हापोली हे बाजाराचं गाव. हापोलीत एटीएम, औषधं, हॉटेलं सगळं आहे, पण महोत्सवाच्या बाजूचं जुनं झिरो तिथून सात किलोमीटरच्या आसपास आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर परतीची गाडी मिळायची मारामार. हापोलीत राहायचं तर जातानाच ड्रायव्हरशी रात्रीची वेळ आणि भाडं ठरवून घ्या, फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. भेटायची जागा मुख्य फाटकापासून थोडी पुढे ठरवा, कारण फाटकावर सगळ्यांच्याच गाड्या अडकतात. तंबू घेतलात तर उताराच्या वरच्या अंगाचा मागा. खालचे तंबू भातखाचरांच्या पातळीला येतात आणि पाऊस पडला की पाणी तिथेच साचतं. उंची सुमारे १,६०० मीटर, रात्री स्वेटर लागतोच. तंबूवाले देतात ती चटई पातळ असते, खाली अंथरायला स्वतःचं जाड प्लास्टिक न्यावं.

इथल्या सूर्याचं वेळापत्रक समजून घेतलं की अर्धे प्रश्न सुटतात. झिरो आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. सप्टेंबरच्या शेवटी पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. उजाडल्यापासून दुपारचा मंच सुरू होईपर्यंत सहा-सात तास हातात असतात. भटकंती त्यात उरका. होंग किंवा हिजासारख्या गावांत पायी फिरून अकरापर्यंत परत येता येतं. टाले व्हॅली अभयारण्याला पूर्ण दिवस लागतो. ते महोत्सवाच्या आधी किंवा नंतर करा, मधे घुसवू नका.

शेतांतून चालताना बांधावरूनच चाला आणि एकामागे एक. अपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे वाढवतात आणि पाणी बांधातल्या बांबूच्या नळ्यांनी एका खाचरातून दुसऱ्यात सोडतात. बांध खचला की पाणीही जातं आणि मासेही. सप्टेंबरच्या शेवटी पीक कापणीला आलेलं असतं, म्हणजे नुकसान दुप्पट. म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण आणि नाकातल्या चकत्या पाहून कॅमेरा आपोआप वर जातो. आधी विचारा, नाही म्हणाल्या तर राहू द्या.

आता मुद्द्याचं. दुपारच्या मंचावर प्रत्येक बँडला अर्धा-पाऊण तास मिळतो आणि मधे साधारण पंधरा-वीस मिनिटं बदलाबदलीची. एवढ्यात पूर्ण साउंडचेक होत नाही, होतो तो लाइन चेक. ड्रमर एकच किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पाच-सहा वेळा मारतो, मग स्नेअर हा छोटा ड्रम, मग बेसची एक तार, मग गाणारा ‘चेक, चेक’ करतो. मिक्सरवरचा माणूस हात वर करतो आणि पुढचं वाद्य. तारेतून आवाज येतोय एवढंच यात कळतं. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा समतोल, बसतो तो पहिल्या एक-दोन गाण्यांत. म्हणून पहिलं गाणं बुजबुजाट वाटलं म्हणून उठून जाऊ नका, तिसऱ्यापर्यंत थांबा. दमट हवेत लाकूड आणि तारा दोन्ही हलतात, अकूस्टिक गिटार तर दर गाण्यानंतर लावावी लागते. चांगला बँड ही दोन मिनिटं गप्पांत काढतो, नवा बँड गोंधळतो. ऐकणाऱ्यांनी शांत राहून साथ द्यावी.

उभं कुठे राहायचं? अगदी पुढच्या रांगेत ऐकू येतो तो ड्रमचा आणि गिटारच्या अँप्लिफायरचा थेट आवाज. गाणाऱ्याचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातो, त्यामुळे शब्द कळत नाहीत. मिक्सरचा तंबू असतो त्याच्या दोन-चार पावलं पुढे, मधोमध, तिथे सर्वांत नीट ऐकू येतं. इंजिनिअर तिथलं ऐकूनच मिक्स करत असतो. चेहरे, बोटं, वाद्यं बघायची असतील तर पुढे जाऊन दोन गाणी ऐका आणि मागे या. कानात घालायचे प्लग सोबत असू द्या. कार्यक्रमांच्या जागी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा मापदंड आहे. स्पीकरसमोर ती मर्यादा ओलांडली जाणं अगदी शक्य असतं, आणि चार दिवस कान वापरायचे आहेत.

पाऊस येणार हे गृहीत धरा. सर आली की आधी कीबोर्ड, पेडल आणि लॅपटॉपवर प्लास्टिक पडतं आणि मंच थांबतो. रात्री संपायची वेळ फार पुढे ढकलता येत नाही, म्हणून उशिराची कात्री बहुतेकदा दुपारच्या सेटवर, म्हणजे बँडच्या वाजवण्याच्या वेळेवर, चालते: पाऊण तासाचे पंचवीस मिनिटं होतात, क्रम बदलतो, क्वचित कुणी दुसऱ्या दिवशी वाजवतं. मोबाइलमधल्या वेळापत्रकावर विसंबू नका, गर्दीत नेटवर्क गोगलगाय होतं. मंचाजवळच्या फलकावर बघा किंवा मिक्सरजवळच्या स्वयंसेवकांना विचारा. पाऊस थांबल्यावर पहिली दहा मिनिटं मैदान रिकामं असतं. मधली जागा तेव्हाच धरावी.

छत्री आणू नका, मागच्या दहाजणांच्या शिव्या खाव्या लागतात. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, आणा. आणि गमबूट, याला पर्याय नाही. चिखल चिकणमातीचा, ट्रेकिंगचे बूट पहिल्याच दिवशी भिजले की चार दिवसांत वाळत नाहीत. हापोलीच्या बाजारात गमबूट मिळतात, पण मोठे नंबर शुक्रवारपर्यंत संपलेले असतात. बारीक काळ्या माश्या चावतात आणि खाज आठवडाभर पुरते, तेव्हा दिवसा लांब बाह्या बऱ्या.

जाण्याआधी थोडं ऐकून गेलं की मजा वाढते. शिलाँगचा ‘सोलमेट’ हा बँड २००३ पासून ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवतोय आणि २००७ मध्ये मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंजमध्ये वाजवून आला. मणिपूरच्या उख्रुलकडचे गुरू रेवबेन माशांगवा तांगखुल नागा लोकसंगीत आणि ब्लूज एकत्र बांधतात. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. नागालँडच्या टेटसेओ सिस्टर्स चोक्री भाषेतली गाणी गातात. अरुणाचलचा ताबा चाके इंग्रजी, हिंदी आणि निशी या तिथल्या भाषेत गातो. ही मंडळी यंदा असतील-नसतील, पण दुपारी वाजवणारी पोरं यांनाच ऐकत वाढलेली असतात. यादी जाहीर झाली की प्रत्येक अनोळखी नावाची दोन गाणी घरीच डाउनलोड करून ठेवा.

सेट संपल्यावर कलाकार मंचामागे गायब होत नाहीत, खाण्याच्या रांगेत तुमच्याच मागे उभे असतात. अरुणाचलात वेगवेगळ्या जमाती एकमेकांशी हिंदीत बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. टीशर्ट किंवा सीडी विकायला असेल तर तिथेच घ्या आणि रोख द्या. यूपीआयचं चक्र फिरत राहतं आणि बिचारा बँड गाडीत बसून निघून जातो. रोकड गुवाहाटीतूनच आणा, हापोलीचं एटीएम या चार दिवसांत कधीही रिकामं होऊ शकतं.

खाण्यात डुकराचं मांस, धुरावलेलं मटण, बांबूचे कोंब, आणि बांबूच्या पेल्यातून तांदळाची बिअर. ती चवीला सौम्य लागते आणि उन्हात चढते. दुपारीच दोन-तीन पेले झाले तर संध्याकाळचं काही ऐकायचं राहत नाही. शाकाहाऱ्यांना भात, डाळ, पालेभाजी, मॅगी मिळते, पण चटणी-लोणच्याबद्दल विचारून घ्यावं. अपातानींच्या पिके पिलामध्ये बांबूच्या कोंबांबरोबर डुकराची चरबी असते. बऱ्याच वर्षी याच सुमारास नवरात्र येतं. उपवास असेल तर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर घरून न्या, वरीचे तांदूळ तिथे शोधत बसू नका. प्लास्टिकच्या बाटल्यांना मैदानात थारा नाही, धातूची बाटली हवी.

परतीचं शुक्रवारीच बघा. रविवारी रात्री शेवटचा सेट संपतो आणि सोमवारी सकाळी सगळं खोरं एकदम खाली उतरू पाहतं. हापोलीच्या काउंटरवर सोमवारच्या सुमो शनिवारी दुपारपर्यंत भरतात, उरतात ती ‘रिझर्व्ह’ म्हणजे अख्खी गाडी, दहा सीटच्या भाड्याने. सोमवारी रात्रीची नाहरलगुनची गाडी असेल तर सकाळी दहाच्या आत झिरो सोडा. गुवाहाटीचं विमान मंगळवारी दुपारनंतरचं किंवा सरळ बुधवारचं घ्या. मंगळवारी सकाळचं घेतलंत तर एक दरड पुरे होते. परमिटची शेवटची प्रत खाली उतरेपर्यंत हाताशी ठेवा, परतताना नाक्यावरही विचारतात.