केम, जेऊर, करमाळा : नॅशनल अवॉर्डवाल्या लाईनवरची एक चक्कर

गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला मामाकडं गेलो होतो. नंदीध्वजांची मिरवणूक बघून झाली, पाळण्यात बसून झालं, शेंगाचटणी बॅगेत गेली, तरी एक दिवस मोकळाच होता. मामेभाऊ म्हणला, "चल बे, तुला नॅशनल अवॉर्डवाल्यांची गावं दाखवतो."

सकाळची पॅसेंजर धरली. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, दोन्हीकडं ऊस नायतर ज्वारी, मधूनच उजाड माळ. कुर्डुवाडीच्या पुढं केम लागतं. केम म्हणलं की आपल्याला कुंकूच आठवतं, पण 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे ह्याच गावचा. हलगी वाजवणारं पोरगं, आणि ३ मे २०१४ ला थेट दिल्लीत विज्ञान भवनात, राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हातून बालकलाकाराचं अवॉर्ड! त्याच सोहळ्यात नागराज मंजुळेंना पहिल्या पिक्चरसाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार, आणि नागराज कुठले, तर ह्याच लाईनवर थोडं पुढं असलेल्या जेऊरचे. फाळके पुरस्कार त्या वर्षी गुलजारांना होता, पण भावाला त्याचं काय पडलेलं नाय.

त्याचा लाडका सोहळा म्हणजे ३ मे २०१६ चा. टीव्हीवर बघितलेला तो सोहळा त्यानं जेऊर येईपर्यंत मला ऐकवला. अमिताभला 'पिकू'साठी, कंगनाला 'तनू वेड्स मनू रिटर्न्स'साठी, 'बाहुबली' बेस्ट फिल्म, भन्साळी बेस्ट डायरेक्टर, मनोजकुमारना फाळके, आपल्या महेश काळेंना 'कट्यार'च्या गाण्यासाठी, आणि ह्या सगळ्या मोठ्या मंडळींत अकलूजची रिंकू राजगुरू. तिला मिळालं काय तर स्पेशल मेन्शन, म्हणजे नुसतं सर्टिफिकेट. बेस्ट ॲक्टरला तेव्हा रजतकमळ आणि ५० हजार, हिला कागद. पण 'सैराट' २९ एप्रिललाच लागलेला, म्हणजे ती दिल्लीत स्टेजवर चढली तेव्हा इकडं थेटरात पब्लिक आर्चीसाठी शिट्ट्या मारत होतं. मला विचाराल तर कमळ कोणाला मिळालं हे सोलापूर जिल्ह्यात कोणालाच आठवत नसणार, तो कागद मात्र सगळ्यांना पाठ आहे.

जेऊर स्टेशनात बघण्यासारखं काय नाय, खरं सांगतो. चहा पिला आणि वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, करमाळा गाठलं. कमलाभवानीचं देऊळ मात्र झकास! दगडी, ऐसपैस, दीपमाळा, आणि ९६ पायऱ्यांची बारव. 'सैराट'चं शूटिंग इथं झालंय, त्यामुळं आम्ही गेलो तेव्हा पण दोन-तीन जोड्या पायऱ्यांवर रील काढत बसलेल्या, एक पोरगी तर हातात चप्पल घेऊन तोच तोच जिना पुन्हा पुन्हा उतरत होती आणि तिचा मित्र "अजून एक, अजून एक" करत होता.

देवळाबाहेर कोणाचातरी नवस फेडायचा चालला होता. दोन पोरं कागद पेटवून त्याच्यावर हलगी शेकत होती, धरायची, फिरवायची, बोटानं टिचकी मारून बघायची, आवाज ढिला वाटला की परत जाळावर. बराच वेळ तेच. आणि मग एकदम कडकडाट सुरू झाला तो असा की रीलवाली पोरगी पण जिना सोडून वर पळत आली. अवॉर्डबिवॉर्ड सोडा, सोमनाथचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं ते तिथं उभं राहून कळलं.

उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायचे होते, पण ऊन वाढलं आणि भूक पण. मटण-भाकरीला बसल्यावर मी विषय काढला, की त्याच २०१६ च्या सोहळ्यात बेस्ट मराठी फिल्म 'रिंगण' होती, मकरंद मानेची, बापलेकाची गोष्ट, आणि तेबी आपल्या पंढरपुरात घडतंय, तर ते बघितलंस का? गडी गप्प. 'रिंगण' थेटरात आला २०१७ मध्ये, अवॉर्डनंतर वर्षभरानं, तोवर लोक विसरून पण गेले होते, हे माझं म्हणणं. तो म्हणला, "गाणी नसतील बे त्यात." मी म्हणलं, अरे आधी बघ तरी. तर म्हणतो, "बघतो की, तू आधी बिल दे."