मोलोकाईला निघालेले आमचे विमान समुद्रात उतरले तेव्हा

हवाईतल्या होनोलुलूहून मोलोकाई बेटाकडे निघालेले आमचे सेसना १७२ हे छोटे विमान कायवी सामुद्रधुनीच्या मध्यावर होते, तेव्हा इंजिन दोनदा अडखळले आणि बंद पडले. त्या वेळी आम्ही ३,००० फुटांवर होतो. एवढ्या उंचीवरून हे विमान इंजिनाशिवाय जेमतेम ८ किलोमीटर तरंगत जाते आणि दोन्ही किनारे त्याहून कितीतरी दूर होते.

विमान चालवणाऱ्या माझ्या मित्राने १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ वारंवारितेवर मदत मागितली, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा संकटाचा कोड टाकला आणि मला म्हणाला, "दार उघड, फटीत बूट अडकव." आदळल्यावर चौकट वाकली की दार उघडत नाही, म्हणून हे पाण्याला टेकण्यापूर्वीच करायचे असते. लाइफ जॅकेट आम्ही उड्डाणापूर्वीच घातले होते आणि आपणही तसेच करावे, कारण खाली येण्याच्या चार मिनिटांत आसनाखालची पिशवी शोधून ते अंगात चढवणे फार कठीण आहे.

मित्राने विमान लाटांच्या रांगांना समांतर टेकवले, तरीही खालची, आत न घेता येणारी पक्की चाके पाण्यात अडकली आणि ते नाकावर उलटले. मी पट्ट्याला उलटा लटकलो होतो, नाकातोंडात खारे पाणी भरले होते आणि वर कुठे, खाली कुठे काहीच कळत नव्हते. उजवा हात मात्र दाराच्या चौकटीवर घट्ट होता. पट्टा आधी सोडला असता तर मी आतच भरकटलो असतो. म्हणून हालचाल थांबू द्यावी, चौकट धरून ठेवावी आणि मगच दुसऱ्या हाताने बक्कल उघडावे. जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवावे, नाहीतर ते माणसाला केबिनच्या वरच्या बाजूला दाबून धरते.

मोलोकाईच्याच कलौपापाजवळ ११ डिसेंबर २०१३ रोजी एक सेसना कॅरव्हान समुद्रात उतरले होते. त्यातले नऊही जण बाहेर पडले, पण हवाईच्या आरोग्य संचालक लोरेटा फडी पाण्यातच दगावल्या. ते ठाऊक असल्यामुळे आम्ही एकमेकांच्या जॅकेटचे पट्टे धरून राहिलो आणि श्वास मुद्दाम संथ ठेवला.

आमचे विमान काही मिनिटांत बुडाले आणि त्यातले बीकनही (संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र) त्याच्याबरोबर गेले. मित्राच्या खिशात ४०६ मेगाहर्ट्झचे छोटे वैयक्तिक बीकन होते, म्हणून तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर पन्नास मिनिटांत आमच्यापर्यंत पोहोचले. असे बीकन सामानात न ठेवता अंगावरच बाळगावे, आणि पाण्यात त्याची अँटेना सतत वर, आकाशाकडे धरून ठेवावी.